मादीच्या नावावर

सकाळी शटर वर केलं की धनश्रीला आधी आवाज ऐकू यायचा. पंखांचा. बाहेर अमरावती रोडवर मालाच्या ट्रकांची रांग लागलेली असायची, हॉर्न ओरडत असायचे, आणि तरीही आतली ती कोरडी फडफड कानात शिरायचीच. जाळीच्या पिंजऱ्यांत कोंडलेली नर पाखरं रात्रभर वाट शोधत जाळीवर आपटत, आणि सकाळपर्यंत त्यांच्या पंखांच्या चिंध्या झालेल्या असत. मला आता सवय झाली, असं धनश्री सगळ्यांना सांगायची. झाली नव्हती.

शहराबाहेरच्या वाडी भागातलं हे भाड्याचं गोदाम म्हणजे कोसा रेशमाचं बीजागार. कोषांतून पाखरं, म्हणजे रेशमाचे पतंग, बाहेर आली की त्यांच्या जोड्या जमवायच्या, अंडी घ्यायची आणि ती जंगलाकडच्या पाळणाऱ्यांना द्यायची, एवढं इथलं काम. पण गेल्या वर्षीपासून एक नवा प्रयोग मागे लागला होता. पाखरं दोन तऱ्हेची. एक आपल्या विदर्भाच्या जंगलातली, अंगानं लहान पण काटक. दुसरी पूर्वेकडच्या जंगलातून आणलेली, तळहाताएवढी, कोष मोठा आणि धागा लांब. पुस्तकात या एकाच जातीच्या दोन उपजाती. गोदामात त्यांना सगळे 'गावठी' आणि 'मोठी' म्हणत. दोघांचं लग्न लावायचं आणि एकीचा काटकपणा नि दुसरीचा कोष एकाच पोटी काढायचा, असा वरच्या लोकांचा बेत. बेत कागदावर झकास होता. पाखरांना कुणी विचारलं नव्हतं.

गावठी नर अंधार पडला रे पडला की उधळायचा. मोठी मादी मात्र सावकाश. मध्यरात्र उलटल्याशिवाय तिच्या अंगाचा वास सुटायचा नाही, आणि वास सुटल्याशिवाय नराला ती दिसूनही दिसत नसे. तोवर हे नवरदेव जाळीवर डोकं आपटून आडवे झालेले. त्यातून एखादा टिकलाच, तर मादी अंगानं त्याच्या दीडपट. जोड लागता लागत नसे. एका जातीतले म्हणवणारे हे दोघे जंगलात शेजारी राहिले असते तरी एकमेकांच्या वाटेला गेले नसते.

धनश्री हार मानणारी नव्हती. तिनं मोठ्या माद्यांचे पिंजरे दुपारीच काळ्या कापडानं झाकायला सुरुवात केली, म्हणजे त्यांची रात्र लवकर व्हावी. काही ठिकाणी नराला दोन बोटांत धरून हातानंच जोड लावली. शेवटी जोड्या लागल्या. त्या दिवशी तिनं हौसेनं मोबाईलवर सगळं टिपलं आणि रात्री जेवताना घरच्यांना दाखवलं. जोड कशी लागते, सकाळी ती हलक्या हातानं कशी सोडवायची, मग मादीला अंडी घालायला टोपलीत कशी ठेवायची. आणि अंडी घालून झाली की त्या मादीला खलात घालून कुटतात, थेंबभर रस मायक्रोस्कोपखाली पाहतात. तिला रोग असला तर तिची अंडी जाळून टाकायची, नाहीतर सगळं पीक बुडतं. जगात सगळीकडं हेच करतात, ती सांगत होती. तिच्या सासू प्रेमलताबाई मात्र घास हातात धरून बसल्या होत्या.

तो व्हिडिओ दाखवला नसता तर बरं झालं असतं, असं धनश्रीला पुढं शंभरदा वाटलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेस्याच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन. धनश्री, तिचा नवरा संजीव आणि प्रेमलताबाई. संजीव कळमेश्वरच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. नणंद रुचिका लग्न होऊन गेलेली, तिला आता सातवा लागणार होता. धनश्रीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. दोन्ही घरं कोष्ट्यांची. धनश्रीच्या आजोबांचा माग उमरेडला होता. प्रेमलताबाईंच्या सासऱ्यांचा शहरातल्या महाल भागात. माग कधीच बंद पडले, पण कोशाच्या साडीचा मान तेवढा उरला होता. प्रेमलताबाई देवपूजेला अजून कोशाचीच साडी नेसायच्या. ती साडी विणण्याआधी किती किडे कोषात जिवंत उकडले, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्यात त्यांना पाप दिसत नसे. पाप त्यांना सुनेच्या हातांत दिसलं.

"मले आता समजलं," व्हिडिओनंतर दोन दिवसांनी त्या म्हणाल्या. "तू रोज जोड्या तोडून राहिली वं. अन् ज्या मायनं अंडे देल्ले, तिचा चेंदा करून राहिली. थ्या मुक्या जिवाचा तळतळाट लागला या घराले. कुठून होईन लेकरू?"

धनश्रीला वाटलं, दोन दिवस बोलतील आणि विसरतील. त्या विसरल्या नाहीत. शेजारी, मंदिरात, फोनवर, सगळीकडं त्यांनी हे कारण पोचवलं. आतापर्यंत सुनेत काहीतरी खोट आहे एवढंच होतं, आता खोटीला नावही मिळालं. शेवटी एका रविवारी त्यांनी निकाल देऊन टाकला. रुचिकाच्या डोहाळजेवणाच्या आत धनश्रीनं राजीनामा द्यायचा. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर त्या तसं सांगणार होत्या.

नोकरी म्हणजे धनश्रीला काय होतं ते सांगायला हवं. पंख आपटणाऱ्या पाखरांचं तिला भारी प्रेम होतं असं नाही. पण सकाळी स्कूटी काढून बेस्याहून वाडीपर्यंत जाताना ती एकटी असायची, आणि गोदामात तिला कुणी 'गोड बातमी कधी' असं विचारत नसे. दिवसातले तेवढे तास ती फक्त धनश्री असायची. ते तास गेले असते तर उरला असता तो फ्लॅट, आणि प्रेमलताबाई, आणि चोवीस तास.

आणि हे सगळं एका वाक्यानं थांबलं असतं. दोष माझ्यात नाही, संजीवमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. धनश्रीचं सगळं ठीक होतं. संजीवला मूल होणं शक्य नव्हतं, डॉक्टरांनी ते अगदी सरळ सांगितलं होतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीत बसून तो ढसाढसा रडला होता. मोठा माणूस असा रडताना तिनं कधी पाहिला नव्हता. त्यानं तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. "आईले कळलं तर थे मरून जाईन. कोणाले सांगू नको. शपथ घे." तिनं घेतली. तेव्हा तिला त्याची इतकी माया आली होती की त्यानं आणखी काही मागितलं असतं तरी तिनं दिलं असतं.

राजीनाम्याचं ठरलं त्या रात्री ती त्याला म्हणाली, "आता तरी तुम्ही आईंना सांगा. सगळं नका सांगू. फक्त 'हिच्यात दोष नाही', एवढं म्हणा."

"मंग विचारंन ना थे, कोणात आहे म्हून."

"विचारू द्या."

"धनू, डोहाळजेवण होऊन जाऊ दे."

"तोवर माझी नोकरी जाईल."

संजीवनं दिवा बंद केला. मग म्हणाला, "नोकरी दुसरीही भेटंन." आणि कुशीवर वळला. त्याला झोप लागली नव्हती हे तिला कळत होतं, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गोदामात त्याच आठवड्यात मोठ्या माद्यांच्या अंड्यांचा निकाल लागला. आठवडाभर वाट पाहिल्यावर अंडी फुटून अळ्या बाहेर यायला हव्या होत्या. टोपलीमागून टोपली उघडली. अंडी खळगा पडून बसलेली. आतून रिकामी. प्रकल्पाचे प्रमुख रजत सर तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे. त्यांनी यादी मागवली.

बीजागारात एक जुनी रीत आहे. अंड्यांच्या प्रत्येक लॉटला आईचा नंबर देतात. का, तर अंडी तिनं घातलेली, रोग असला तर तिच्याकडूनच येतो, तपासायचंही तिलाच. नर सकाळी सोडवला की टोपलीत टाकतात, दुसऱ्या दिवशी त्याचं नावही कुणाला आठवत नाही. रीत शहाणपणाची आहे. पण तिचा असाही उपयोग होतो की अंडी फुटली नाहीत तर पुढच्या रकान्यात आपोआप लिहिलं जातं, मादी नापास.

"मोठ्या माद्याच इकडं मानवत नाहीत," रजत सर म्हणाले. "हवा सोसत नसेल. सगळ्या बाद करा, मॅडम. पुढच्या खेपेला नवा माल मागवू."

"सर, नरांचं काय?"

"नरांचं काय?"

"गावठी नराचं बीज मोठ्या मादीत रुजत नसेल तर? जोड लागली म्हणजे सगळं झालं असं कुठं आहे? दोन उपजातींत अडथळा जोड लागल्यावरही असू शकतो."

"असू शकतो. पण आपल्याकडं तसा पुरावा नाही."

"मग काढू या ना. मादीला बाद करायला तरी कुठला पुरावा लागला आपल्याला?" हे ती जरा जोरात बोलली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. धनश्रीला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. राग कुणावरचा आणि निघाला कुणावर, हे तिचं तिला पुरतं कळत होतं.

सरांनी परवानगी दिली. त्या खेपेत कोषांतून निघालेल्या मोठ्या माद्यांना तिनं आधी गावठी नर दिला, सकाळी जोड सोडवली, काही अंडी घालू दिली. मग त्याच माद्यांना दुसऱ्या रात्री त्यांच्याच उपजातीचा, मोठा नर दिला. दुसरा नर जोड लावायला पिंजऱ्यात सोडला की तो थेट मादीकडं जायचा, फडफड नाही, धडपड नाही. ते बघताना तिला बरंही वाटे आणि रडूही येई. आधीची अंडी आणि नंतरची अंडी तिनं वेगळ्या टोपल्यांत ठेवली.

आधीची पुन्हा खळगा पडून बसली. नंतरच्या टोपलीत एका सकाळी काळ्या-तपकिरी अळ्या काठावर चढताना दिसल्या. त्याच माद्या. तेच पोट. धनश्री गुडघ्यावर बसून त्या टोपलीकडं इतका वेळ पाहत राहिली की पायाला मुंग्या आल्या.

रजत सरांनी स्वतः टोपल्या पाहिल्या. "चला, म्हणजे माद्या बऱ्या आहेत," ते म्हणाले. "इथून पुढं लॉटवर नराचाही नंबर टाकत जा." आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले. इतकं सोपं होतं ते. एका माणसानं टोपलीत डोकावलं आणि म्हणाला, माद्या बऱ्या आहेत. धनश्रीला हसू आलं. राजीनामा तिनं लिहिलाच नव्हता, आणि आता लिहायचा नाही हे तिनं तिथंच ठरवलं.

डोहाळजेवण बेस्याच्या घरीच होतं. हिरव्या साडीतली, फुलांनी मढलेली रुचिका सोफ्यावर बसली होती आणि बायकांनी हॉल भरला होता. पुरुष गॅलरीत खुर्च्या टाकून बसले होते. धनश्रीला सकाळीच सांगून झालं होतं की ओटी भरायला तिनं पुढं यायचं नाही. वडाभात आणि कढीचं बघावं. रुचिकाला ते आवडलं नव्हतं, पण तिनंही मान खाली घातली. धनश्री स्वयंपाकघरातून ओटीची गाणी ऐकत राहिली.

मठ्ठ्याचे ग्लास घेऊन ती बाहेर आली तेव्हा प्रेमलताबाई सांगत होत्या, "आता आमची धनश्रीही थे पाखराईचं काम सोडून राहिली. याच महिन्यात. थ्याचाच तळतळाट होता, मले तं पयलेच समजलं होतं. आता होईन सगळं बरोबर."

बायका 'बरं झालं' म्हणाल्या. कुणी देवाचं नाव घेतलं. धनश्रीनं ट्रे टीपॉयवर ठेवला.

"मी नोकरी सोडत नाहीये," ती म्हणाली. "आणि मूल होत नाही, त्यात माझा दोष नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. सगळं चांगलं आहे."

बायकांच्या माना तिच्याकडं वळल्या. गॅलरीतलं बोलणंही थांबलं. संजीवचं नाव तिनं घेतलं नव्हतं. शपथ तिनं पाळली होती. पण आता कुणीतरी विचारेल, मग कोणाचा दोष, आणि गॅलरीतून संजीव उत्तर देईल, असं तिला त्या घटकेला खरोखर वाटलं.

कुणी विचारलं नाही. प्रेमलताबाईंची थोरली बहीण रुख्माबाई पदर सावरत हसली. "असंच असते वं बाई," ती मायेनं म्हणाली. "माह्यात खोट आहे असं कोणती बाई म्हणते? मीही तसंच म्हणत होती, चार वर्षं. मंग झालं ना." दोघी-तिघी हसल्या. एकीनं धनश्रीच्या पाठीवरून हात फिरवला. 'घे, मठ्ठा दे इकडं' असं कुणी म्हटलं, आणि बोलणं रुचिकाच्या फुलांच्या वेणीवर गेलं.

धनश्रीनं गॅलरीकडं पाहिलं. संजीवनं ऐकलं होतं. तो हातातल्या वाटीत चमचा फिरवत होता. तिला वाटलं होतं की ते वाक्य बोलायला फक्त धीर लागतो. धीर होता, पण त्या घरात ते वाक्य तिच्या तोंडून खरं होणारच नव्हतं. पाठीवरचा तो हात तिला सगळ्यांत जास्त लागला.

पाहुणे गेले. रुचिका तिच्या नवऱ्याबरोबर गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग पडला होता. प्रेमलताबाईंनी आत येऊन आधी बाहेर संजीव टीव्हीसमोर बसल्याची खात्री केली, मग दार लोटलं.

"काहून बोलली तू चारचौघात?"

"कारण ते खरं आहे."

"खरं आहे तं मले माहीत नाही का?"

धनश्रीनं नळ बंद केला.

"नववीत होता थो," प्रेमलताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "गालगुंड झाले. मंग थे खाली जांघेत उतरले, सुजलं सगळं. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरनं तवाच मले बाजूले घेऊन सांगतलं होतं, याले पुढं लेकरू होणं कठीण आहे म्हून. याच्या बापालेही म्या सांगतलं नाही. मले वाटलं, देव आहे. डॉक्टर का देव आहे?"

"मग तुम्ही माझ्या मागं का लागलात?" धनश्रीचा आवाज फाटला. "पाखरांचा तळतळाट, माझे हात, माझी नोकरी... तुम्हाला माहीत होतं, आई."

"लोकाईले काही तरी सांगावं लागते ना वं. कोणाचं नाव घेऊ मी? त्याचं?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. "बाईले बोलतात अन् विसरतात. माणसाले बोलले का थो उभा नाही राहत. अन् हे पाय, संजूले मालूम नको पडू देऊ का मले माहीत आहे. त्याले वाटते आईले काहीच ठाऊक नाही. थ्याच्यावरच जगून राहिला थो. तुले शपथ आहे माही."

तीन वर्षं धनश्री आईपासून मुलाचं गुपित लपवत होती, आणि आता मुलापासून आईचं लपवायचं होतं. गुपित एकच. दोघांनाही ठाऊक. आणि दोघांनीही ते ठेवायला जागा कोणती निवडली, तर धनश्री.

"आणि माझी नोकरी?"

"थे तं आता सोडाच लागंन. सगळ्याईसमोर असं बोलली तू. आता नाही सोडली तं लोकाईले वाटंन, खरंच बोलली म्हून."

धनश्रीनं हात पुसले. दार उघडलं. "अहो," ती म्हणाली, "जरा आत या."

"धनश्री," प्रेमलताबाई मागून कुजबुजल्या. "म्या शपथ घातली तुले."

संजीव दारात येऊन उभा राहिला. धनश्री दोघांच्या मध्ये होती. ती बाजूला झाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आईंना माहीत आहे," ती त्याला म्हणाली. "तुम्ही नववीत होता तेव्हापासून."

टीव्हीवर कुठल्याशा साबणाची जाहिरात चालू होती. ती संपून दुसरी लागली. संजीवनं आईकडं पाहिलं. प्रेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली; होय म्हणून की नाही म्हणून, ते सांगता आलं नसतं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू लाल झाला. धनश्रीला वाटलं, आता तो आईला विचारेल. सून एवढं ऐकून घेत होती तेव्हा तू गप्प काहून बसली, एवढं तरी विचारेल.

तो धनश्रीकडं वळला. "तुले शपथ दिली होती ना म्या?"

"मी नाही सांगितलं. त्यांना आधीपासून माहीत होतं."

"मंग तू गप्प राहाची होती," संजीव म्हणाला. "चाललं होतं ना सगळं बरोबर."

प्रेमलताबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी त्याचा दंड धरला. त्यानं धरू दिला. ती दोघं तशी उभी असताना धनश्रीला एकदम थंड, स्वच्छ असं काहीतरी वाटलं. तिला वाटत होतं की या घरात आपण अडकलो ते एका शपथेमुळं. शपथ सुटली होती, आणि ती दोघं होती तिथंच होती.

"मी उद्या सकाळी जाणार," ती म्हणाली.

"कुठं?" प्रेमलताबाईंनी झटकन विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती. सुनेला बोलताना ती त्यांच्या आवाजात आजवर कधी आली नव्हती. संजीवनंही मान वर केली.

धनश्रीनं गॅस बंद आहे का ते पाहिलं, कढीचं भांडं झाकलं.

"कामावर," ती म्हणाली, आणि खरकटी भांडी तशीच सोडून स्वयंपाकघरातून बाहेर पडली.